पोस्टाच्या दारातलं सॉरी

ऑर्व्हिल प्रोकॉप खुर्चीला सॉरी म्हणायचा. थट्टा नाही करत, या कानांनी ऐकलंय. चालता चालता गुडघा लागला की "अरे, सॉरी" म्हणून तो खुर्ची पुन्हा होती तिथे सरळ करून ठेवायचा. दाराला म्हणायचा, दुकानवाल्या बर्टच्या म्हाताऱ्या कुत्र्याला म्हणायचा, आणि कुणी त्याच्या पायावर पाय दिला तरी सॉरी म्हणणारा हाच. तसं आमच्या लोन एल्ममध्ये सगळेच म्हणतात. कॅनडातल्या सस्कॅचेवानचा सपाट मुलूख, सहा महिने बर्फ, गावात जेमतेम चारशे माणसं. त्याच त्याच तोंडांकडे वर्षभर बघायचं तर जिभेला थोडं तेल लावून ठेवावंच लागतं. पण त्यात ऑर्व्हिलचा हात धरणारा कुणी नव्हता.

मी मावीस. गावच्या कर्लिंग रिंकचं, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाच्या बंदिस्त मैदानाचं, स्वयंपाकघर एकतीस वर्षं माझ्या ताब्यात आहे. सूप, मिरचीवाला राजमा, दालचिनीचे बन, आणि कॉफी, जिला सगळे नावं ठेवतात आणि तीन-तीन कप ढोसतात. माझ्या ओट्यासमोर भिंतभर काच आहे. काचेपलीकडे बर्फ. गावात कोण कुणाशी बोलतं, कोण बोलत नाही, कुणाचं हसू खरं, कुणाचं दाखवायचं, हे मला त्या काचेतून चर्चमधल्या पाद्र्यापेक्षा जास्त कळतं. त्याचा फार उपयोग केला असं मात्र नाही.

ऑर्व्हिल आमचा बर्फवाला. ऑक्टोबरात पाइपानं पातळ पातळ पाणी सोडून एकावर एक थर गोठवायचे, मग पांढरा रंग, मग गोल आखायचे, मग पुन्हा थर. खेळाआधी पाठीवर पाण्याचा डबा घेऊन उलट्या पावलांनी चालत बर्फावर थेंब शिंपडायचे. ते थेंब गोठून बारीक पुरळ उठली की मगच दगड नीट सरकतो. एकवीस वर्षं हे काम त्यानं केलं, लग्न केलं नाही, आईबापाच्या घरात एकटा राहिला. आणि इतक्या सुंदर बर्फावर स्वतः एकदाही खेळला नाही. नवीन माणसं विचारायची, "ऑर्व्ह, तू नाही का रे खेळत?" तो म्हणायचा, "सॉरी, गुडघा." गुडघा ठणठणीत होता. मी ओळखून होते.

आता कर्लिंगमध्ये एक गोष्ट आहे, ती कळल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. आमच्या गावच्या खेळात पंच नसतो. चार गड्यांची टीम, एक जण तो जड दगड बर्फावरून पलीकडच्या गोलाच्या मध्याकडे सरकवतो, दोघे त्याची वाट गुळगुळीत करायला पुढे झाडू घासत धावतात. झाडू चुकून दगडाला लागला तर तो दगड बाद. पण लागला हे सांगायचं कुणी? ज्याचा लागला त्यानं. स्वतःहून. तिथल्या तिथे हात वर करायचा, "माझा लागला" म्हणायचं, की झालं. दुसरा कुणी बोलत नाही, कुणी भांडत नाही. पाचवीतल्या पोरांनासुद्धा आम्ही आधी हात वर करायला शिकवतो, दगड धरायला नंतर.

बावीस वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत आमची टीम विभागाच्या फायनलला पोचली होती. टीमचा म्होरक्या बर्ट, हार्डवेअरच्या दुकानवाला. झाडू घेऊन धावणारे दोघे म्हणजे प्रोकॉप बंधू: थोरला क्लेटन, धाकटा ऑर्व्हिल. भाऊ म्हणून एका आईचे, बाकी काही म्हणून सारखं नाही. क्लेटन तोंडाचा फाटका. चूक दिसली की तोंडावर सांगणार, सॉरी म्हणणं त्याच्या पत्रिकेतच नव्हतं. गावच्या धान्य-कोठारात वजनकाट्यावर बसायचा. शेतकऱ्यांचे ट्रक तोलायचा, आणि एक किलो इकडे नाही, एक किलो तिकडे नाही. "माझ्या काट्यावर पोप आला तरी टोपीसकट तोलीन," म्हणायचा. लोक त्याला टरकायचे, पण धान्य त्याच्याच काट्यावर आणायचे.

शेवटचा दगड. बर्टनं सोडला, दोघे भाऊ झाडू घासत निघाले, अख्खं गाव काचेला नाक लावून. मी उभी होते ओट्याशी, हातात सुपाचा डाव. दगड निम्म्या वाटेवर आला आणि ऑर्व्हिलच्या झाडूचं टोक दगडाला टेकलं. हलकंच. पण लागलं. मी पाहिलं. त्याचा झाडू एक क्षण थबकला, त्याचा चेहरा पांढरा फटक पडला, आणि तो पुन्हा घासायला लागला. दगड गोलाच्या मधोमध जाऊन थांबला. आम्ही जिंकलो.

समोरच्या टीमचा म्होरक्या भला माणूस. पुढे येऊन अगदी हळू म्हणाला, "माफ करा हं, राग मानू नका, पण दगडाला काही लागलं का?"

बर्टनं दोघा भावांकडे पाहिलं. क्लेटन म्हणाला, "माझा नाही." आणि ऑर्व्हिल म्हणाला, "सॉरी, माझ्या नाही आलं लक्षात."

त्या माणसानं हात मिळवला, "छान खेळलात" म्हणाला आणि गेला. आम्ही पुढच्या स्पर्धेला गेलो आणि तिथे सपाटून मार खाल्ला, ते जाऊ दे. पण परक्या टीमचे लोक घरी जाऊन काय गप्प बसतात होय? त्यांच्यातल्या एकानं दगड किंचित अडखळलेला पाहिला होता, कुणाच्या झाडूनं ते नव्हतं पाहिलं. आठवड्याभरात ते आमच्या गावात पोचलं. लागला होता म्हणे, प्रोकॉपांपैकी एकाचा. मग गावानं आपलं डोकं चालवलं. ऑर्व्हिल? छे! खुर्चीला सॉरी म्हणणारा माणूस लबाडी करील? मग उरला कोण? तो तोंडाळ. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

आणि फाशीही कशी? आमच्या पद्धतीची. कुणी क्लेटनला एक शब्द बोललं नाही. पुढच्या हंगामाला टीम बांधायला फोन फिरले, त्याला एकही आला नाही. त्यानं स्वतः केले. "अरेरे, क्लेटन, सॉरी, आमची भरली रे." "सॉरी, यंदा पोराला घेतोय." "सॉरी हं, आधी कळवायचंस ना." सहा घरी फोन केले आणि सहा सॉऱ्या घेऊन बसला. मग काट्यावर शेतकरी आकडा दोनदा बघायला लागले. पुढे काही जण बत्तीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या कोठाराला ट्रक नेऊ लागले. तिसऱ्या वर्षी कोठाराच्या मालकानं क्लेटनला बोलावून फार फार सॉरी म्हटलं आणि काट्यावरून उठवलं. त्यानं उरलेली वर्षं शाळेची बस चालवून काढली.

मला कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. नसती भानगड कशाला? भावाभावांचं त्यांचं ते बघतील. तेव्हा मला हे शहाणपण वाटलं होतं.

दोघांचं भांडण झालं ते एकदाच. त्या फायनलच्याच हिवाळ्यात, रिंकच्या मागच्या आवारात. मी कचऱ्याची पिशवी टाकायला गेले होते, ट्रकआड उभी राहिले. उणे तीस असेल. क्लेटन ओरडत होता, त्याच्या तोंडातून वाफा निघत होत्या.

"मी नव्हतो, ऑर्व्ह. मग कोण होतं?"

"हे बघ, तुला तसं वाटत असेल तर सॉरी."

"वाटत असेल तर? वाटायला काय झालंय? मी विचारतोय, लागला की नाही लागला?"

"उगाच वाद नको रे. तू तुझ्या जागी बरोबर, मी माझ्या जागी."

"दोन जागा कुठून आणल्यास? एकाच बर्फावर होतो आपण!"

"जाऊ दे ना आता. झालं गेलं."

"झालं माझं, गेलं माझं," क्लेटन म्हणाला. "तुझं काय रे गेलं?" आणि मग एकदम आवाज खाली आणून म्हणाला, "तुझ्यावर रागावलो नाही मी. फक्त जाऊन सांग. एकदा हात वर कर. लोक विसरतील. मी विसरीन."

ऑर्व्हिल बुटानं बर्फ उकरत राहिला. "सॉरी," म्हणाला, "मला उशीर होतोय." आणि गेला. गरीब स्वभावाचा माणूस किती निर्दय होऊ शकतो ते मी त्या दिवशी पाहिलं.

त्यानंतर दोघे बोलले नाहीत. पुढच्या वर्षी ऑर्व्हिलनं झाडू सोडून बर्फाचं काम मागून घेतलं. लोक म्हणाले, काय सेवाभावी माणूस! क्लेटन रिंकवर फिरकला नाही. पण गाव एवढंसं, टाळून टाळणार किती? आमच्याकडे टपाल घरी येत नाही, पोस्टात प्रत्येकाचा कप्पा असतो. सकाळी साडेदहाला टपाल लागतं आणि सगळं गाव तिथे. त्या अरुंद दारात रोज हे दोघे समोरासमोर यायचे, एक आत जाणारा, एक बाहेर निघणारा.

"सॉरी," हा म्हणायचा.

"सॉरी," तो म्हणायचा.

क्लेटनसुद्धा! ज्यानं जन्मात कुणाला सॉरी म्हटलं नाही तो पोस्टाच्या दारात भावाला म्हणायचा. मग एक जण अंग चोरायचा, दुसरा निघून जायचा. याला आमच्याकडे बोलणं म्हणत नाहीत. हे आपलं दारातलं. एकवीस हिवाळे त्या दोघांत एवढा एकच शब्द झाला.

मागच्या डिसेंबरात क्लेटनला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. निघाला तेव्हाच उशीर झाला होता. जानेवारीत त्याला गावाच्या टोकाला असलेल्या वृद्धाश्रमातल्या आजारी माणसांच्या खोलीत हलवलं. क्लेटनची बायको व्हर्ना दिवसभर तिथेच. मला डॉक्टरणीच्या तोंडून कळलं, फार तर दोन आठवडे.

दुसऱ्या दिवशी ऑर्व्हिल बर्फ शिंपडून कॉफीला आला. मी कप ठेवला नाही. "कधी जाणार आहेस?" म्हटलं.

"कुठे?"

"शहामृगासारखी वाळूत मान घालू नकोस मेल्या. भावाकडे."

तो टोपी हातात फिरवत बसला. "काय बोलू, मावीस?"

"जे बावीस वर्षं बोलला नाहीस ते."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला माहीत आहे हे त्याला तेव्हा कळलं. मी का बोलले नाही असं त्यानं विचारलं नाही. विचारायला हवं होतं. तो नुसता खाली बघत म्हणाला, "मला नाही येत ते बोलता."

"येत नाही? दिवसभर दुसरं करतोस काय तू? चल, मला म्हणून दाखव. मी क्लेटन."

हसू नका. रिकाम्या रिंकमध्ये, दुपारच्या अडीच वाजता, एक सत्तरीची बाई आणि एक अडुसष्टचा बाप्या, समोर कांदे चिरलेले, आणि आम्ही तालीम करतोय.

"क्लेटन," तो म्हणाला, "तेव्हा जे काही घडलं त्याबद्दल..."

"जे काही नाही. काय घडलं?"

"माझ्याकडून जर चुकून..."

"जर काढ."

"माझ्याकडून चुकून..."

"चुकून लागला असेल. हात चुकून खाली ठेवला होतास का?"

त्याचे डोळे भरून आले. कांद्याचं नाव करता आलं असतं, मी नाही करू दिलं. "पुन्हा," म्हटलं.

"मला माफ कर, क्लेटन, पण त्या वेळी मी..."

डाव मी ओट्यावर असा आपटला की सूप उडालं. "पण नको! पण आलं की माफी गेली. घरात पाहुणा घ्यायचा आणि मागल्या दारानं हाकलायचा, त्यातली गत. नुसतं सांग."

कढईखालचा जाळ मी बंद केला. मग तो अगदी हळू, जमिनीकडे बघत म्हणाला, "माझा झाडू दगडाला लागला. मला कळलं होतं. मी हात वर केला नाही. तुझ्यावर आलं आणि मी येऊ दिलं."

बाहेर बर्फाचं यंत्र घरघरत होतं.

"बस," मी म्हटलं. "एवढंच. चल, अंगात कोट घाल."

"आत्ता?"

"नाही, ईस्टरला!"

मीच गाडी काढली, नाहीतर हा पहिल्या वळणावरून परतला असता. वाटेत तो ओठांतल्या ओठांत म्हणत होता, चार वाक्यं, पुन्हा पुन्हा. व्हर्ना जेवायला घरी गेलेली. खोली लहान. पलंग दाराला समांतर, पायथ्याशी जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट, पलंगापलीकडे खिडकी. क्लेटन म्हणजे नुसता सांगाडा उरला होता. पावलं पलंगाबाहेर आलेली, डोळे अर्धे मिटून पडलेला, पण जागा. मी दारातच थांबले.

ऑर्व्हिल टोपी काढून पायथ्याशी उभा राहिला. घसा खाकरला. तोंड उघडलं, मिटलं. आणि बाहेर काय पडलं?

"सॉरी, क्लेटन."

क्लेटननं डोळे उघडले. भावाकडे पाहिलं. आणि त्यानं काय करावं? कण्हत कण्हत आपले दोन्ही पाय आत सरकवले. "सॉरी, सॉरी," म्हणाला, "जा तू, जा." वाट दिली त्यानं. पोस्टाच्या दारात द्यायचा तशी.

मला वाटलं आता हा बोलेल. अरे बोल, चारही वाक्यं राहिलीयत, पाठ आहेत तुला! पण ऑर्व्हिलला वाट मिळाली होती, आणि मिळालेली वाट नाकारायची त्याला सवय नव्हती. तो पलंगाला वळसा घालून पलीकडे गेला आणि खिडकीपाशी उभा राहिला. बाहेर बघत म्हणाला, "उणे एकतीस आहे आज."

"असेल," क्लेटन म्हणाला, आणि त्यानं डोळे मिटले.

त्याला खरंच उमगलं नाही, की उमगून त्यानं पाय सरकवले? मला नाही सांगता येत. मी पाऊण तास दारात उभी होते, तोंड मलाही होतं. शुक्रवारी क्लेटन गेला.

दफन झाल्यावरचं जेवण आमच्याकडे रिंकच्या हॉलमध्ये असतं. अंड्याचे सँडविच, हॅमचे सँडविच, लोणच्याच्या काकड्या, बायकांनी घरून आणलेले गोड तुकडे. आणि प्रोकॉप म्हणजे मूळचे युक्रेनी, म्हणून बटाटा भरलेल्या पेरोगीची, म्हणजे त्यांच्या उकडलेल्या करंज्यांची, दोन मोठी पातेली मी आदल्या दिवशीच करून ठेवली होती. दीडशे माणूस आलं. ज्यांनी बावीस वर्षं क्लेटनला फोन केला नाही ते सगळे आले, काळे कोट घालून. जेवण झालं की ज्याला मयताविषयी दोन शब्द बोलायचे तो उठतो. बस कंपनीचा माणूस बोलला, चर्चची बाई बोलली. बर्ट काठी टेकत उठला आणि "क्लेटन जरा कडक होता, पण मनानं..." वगैरे म्हणून बसला. ते "पण" ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मग मागच्या टेबलाशी ऑर्व्हिल उभा राहिला. बोलायच्या आधी त्यानं उजवा हात वर केला. कोपर सरळ, तळवा उघडा, बर्फावर करतात तसा. हॉलमधला प्रत्येक माणूस तो हात ओळखतो.

"माझा लागला होता," तो म्हणाला. "त्या फायनलला. क्लेटनचा नव्हता. मला कळलं होतं. मी हात वर केला नाही. त्याच्यावर आलं आणि मी येऊ दिलं."

एक वाक्य गळलं नाही. जर नाही, पण नाही. सॉरीसुद्धा नाही. बैल गेला आणि झोपा केला, हे खरं. पण केला.

आणि आमचं गाव काय करील? मी सांगते काय केलं. आधी दोन-तीन माणसं खाकरली. मग कुणीतरी म्हणालं, "अरे जाऊ दे रे, ऑर्व्ह." मग सुटलेच. "किती जुनी गोष्ट." "खेळच तो शेवटी." "होतं रे माणसाच्या हातून." बर्ट म्हणाला, "हरकत नाही बाबा, काही हरकत नाही. बोलायला छाती लागते." एका बाईनं त्याच्या पाठीवर हात फिरवला, एकीनं त्याच्यापुढे सँडविचची बशी धरली. दोन मिनिटांत सगळ्या गावानं त्याला माफ करून टाकलं. ज्यांचं काही गेलं नव्हतं त्या सगळ्यांनी. आणि त्यात आपलीही माफी आपणच उरकून घेतली, ती वेगळीच.

ऑर्व्हिलचा हात अजून वरच होता. तो त्यांच्याकडे बघतच नव्हता. तो व्हर्नाकडे बघत होता.

व्हर्ना लहानखुरी बाई. नवऱ्याच्या तोंडापुढे तिचा आवाज मी कधी फारसा ऐकला नव्हता. ती पहिल्या टेबलावरून उठली, मांडीवरचा कागदी रुमाल घडी करून बशीखाली ठेवला.

"हरकत आहे," ती म्हणाली.

"हरकत आहे, ऑर्व्हिल. बाकीच्यांची नसेल. माझी आहे. काट्यावरून उठवलं त्या दिवशी हा माणूस घरी येऊन गॅरेजमध्ये बसून राहिला. आठ दिवस गाडीत बसून जेवला. मी म्हटलं, गाव सोडू. माझी बहीण कॅलगरीला आहे, जाऊ. तर म्हणाला, नको, ऑर्व्ह येईल बोलायला. मी नसलो तर कुणाशी बोलेल?" ती एक पाऊल त्याच्याकडे आली. "तो रोज साडेदहाला पोस्टात का जायचा? आम्हाला पत्र कोण पाठवतं रे? विजेचं बिल आणि दुकानांच्या जाहिराती. तू त्या वेळेला येतोस म्हणून जायचा तो. घरी आला की मी विचारायची, काही बोलला? तो म्हणायचा, सॉरी म्हणाला, पण दारातलं."

कुणीतरी, बहुतेक बर्टच, म्हणालं, "व्हर्ना, आता शांत हो, आजच्या दिवशी..."

"तू खाली बस, बर्ट," ती म्हणाली. बर्ट बसला. ती ऑर्व्हिलकडे वळली. "तू सांगितलंस ते बरं केलंस. पण मी नाही माफ करत. करीन असं वाटत नाही."

ऑर्व्हिलनं हात खाली घेतला. "हो," म्हणाला. एवढंच. सॉरी म्हणाला नाही. मग तो खुर्चीवर बसला, दोन्ही तळव्यांत तोंड घातलं आणि ओक्साबोक्शी रडला. सगळं गाव बशीतल्या लोणच्याकडे बघायला लागलं. मला विचाराल तर त्या हॉलमध्ये त्याला मानानं वागवलं ते एकट्या व्हर्नानं. विचारलेल्या गोष्टीचं खरं उत्तर दिलं. ते त्याला बावीस वर्षांत आम्ही कुणी दिलं नव्हतं.

हे लिहून इथे थांबले असते तर बरं दिसलं असतं.

लोक पांगले. ऑर्व्हिल कधी गेला ते दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी बर्फ नेहमीसारखा शिंपडलेला होता, पण डबा कपाटात पुसून ठेवलेला, किल्ली खिळ्याला अडकवलेली आणि चिठ्ठी: दुसरा माणूस बघा. तो अजून गावातच आहे. साडेदहाला पोस्टात येतो, दारात जरा उभा राहतो, टपाल असो नसो.

पण त्या संध्याकाळी, हॉल रिकामा झाल्यावर, मी कप गोळा करून ट्रे भरला आणि स्वयंपाकघरात शिरले. व्हर्ना आत उभी होती. माझ्या ओट्याशी, काचेसमोर. बर्फाकडे बघत होती. उरलेल्या पेरोगीचा डबा न्यायला आली होती, डबा तिच्या हातात होता.

"मावीस," ती न वळता म्हणाली, "इथून सगळं दिसतं गं."

"हो," मी म्हटलं.

"त्या दिवशी तू इथेच असशील ना?"

ट्रेमध्ये चाळीस कप होते. मी ट्रे कमरेला टेकवला. ती वळली. तिच्या तोंडावर राग नव्हता, ती फक्त विचारत होती. मला चार वाक्यं माहीत होती. मीच तर शिकवली होती ती, डाव आपटून.

"सॉरी व्हर्ना, जरा," मी म्हटलं, "ट्रे जड आहे."

ती लगेच बाजूला झाली. "सॉरी, सॉरी," म्हणाली, आणि डबा छातीशी धरून तिनं मला वाट दिली. मी तिच्यासमोरून गेले आणि नळ सोडला.